दारापुढचा सडा

ताश्कंद, ९ मार्च २००२

विहीणबाई झुलखुमोर यांना खोसियतचा सलाम.

तुम्ही कशा आहात, व्याही कसे आहेत, धाकटी नाझोकत कशी आहे, रेशमाचे भाव बरे आहेत ना? आमच्याकडे सगळे खुशाल. तुमची मुयस्सरही खुशाल. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा हात छातीशी जायला नको.

टेलिफोनवरच बोलले असते, पण आमचा टेलिफोन मधल्या खोलीत आणि मुयस्सर दिवसभर तिथेच. तिच्यासमोर तिच्याच आईशी तिच्याबद्दल काय बोलणार? म्हणून घाट ओलांडून तुमच्याकडे येणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या हाती हे पत्र देतेय.

विषय पाण्याचा आहे. थंडीत आमच्या गल्लीत पाण्याची मीटरं बसली. आजवर पाण्याचा पैसा माणशी होता. माणूस एक बादली सांडो की शंभर, हिशेब डोकी मोजून. त्यामुळे नळ बंद करतात ही गोष्टच आमच्या गल्लीला माहीत नाही. उन्हाळ्यात कलिंगड टबात टाकायचं आणि ते गार होईस्तोवर वर नळ सोडून ठेवायचा, अशी आमची रीत. आता पहिलं बिल आलं. आमच्या ह्यांनी ते चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, मग डोक्याला रुमाल बांधून आडवे झाले. दुसऱ्या दिवसापासून उठले की चहाच्या आधी मीटरसमोर उकिडवे बसतात. जन्मभर ट्राम चालवली, काट्यावर नजर ठेवायची सवय गेलेली नाही. कुणी नुसता हात धुतला तरी आतून ओरडतात, "कोण आहे मोरीत?"

आता मूळ मुद्दा. तुमची लेक झुंजुमुंजू झालं की उठते, अंगण झाडते, दारापुढची गल्ली झाडते आणि सडा घालते. माझ्या सगळ्या मैत्रिणी तिचं नाव काढतात. पण विहीणबाई, तो सडा नाही हो, तो पूर आहे! पाइप हातात घेते आणि आमचं दार, शेजारच्या सोबिरचं दार, मधला तुतीचा बुंधा, सगळं न्हाऊ घालते. सोबिरच्या सुनेनं तर स्वतःच्या दारात पाणी टाकणंच सोडलंय. म्हणते, "मुयस्सर टाकतेच ना!"

मी बोलले तर काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. सून येऊन जेमतेम सहा महिने झालेत. संध्याकाळपर्यंत गल्लीभर होईल की खोसियत सुनेला पाणी मोजून देते. तुम्ही आई आहात, तुमचं बोलणं लागत नाही. चार शब्द लिहाल का तिला? माझं नाव न घेता.

तुमची,
खोसियत


मार्गिलान, २० मार्च

खोसियत विहीणबाई,

तुमचं पत्र मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं. 'पूर' हा शब्द बोटानं झाकून वाचलं तेव्हा जास्त आवडलं.

तुम्ही राजधानीतली माणसं, तुमच्याकडे पाणी नळीतून येतं आणि काट्यावरून जातं. आमच्या दारापुढून पाट वाहतो. आजेसासूच्या वेळेपासून वाहतोय आणि त्याचं बिल अजून कुणी आणून दिलेलं नाही. माझ्या मुली बादली उचलायला शिकल्या त्या त्याच पाटावर. आमच्याकडे पहाटे दारापुढे धूळ दिसली तर लोक एवढंच विचारतात, या घरची बाई मेली की माहेरी गेली? मुयस्सरला मी सढळ हात शिकवला, तो माझा गुन्हा. कबूल.

तरी तुमची अडचण मला कळते. बिल वाचून पुरुषमाणूस आडवा होतो तेव्हा उभी राहायची पाळी बाईवरच येते. मुयस्सरला वेगळं पत्र याच पाकिटात ठेवलंय, चिकटवून. ते उघडू नका. त्यात फारसं काही नाही. एवढंच लिहिलंय की सासरचं पाणी म्हणजे पाटाचं पाणी नव्हे, यापुढे एक थेंब वाया गेला असं कानावर आलं तर माझी लेक म्हणवून घेऊ नकोस. माझं बोलणं लागत नाही असं तुम्ही म्हणता. तुम्ही माझ्या हाताखाली वाढला नाहीत.

एक आनंदाची गोष्ट. नाझोकतला स्थळ आलंय. आमच्याच गावचं रेशीम विणणारं घर, मुलगा कमी बोलणारा, हात कामाचा. नाझोकतला तो पसंत आहे. तिनं सांगितलं नाही, पण त्याचं नाव निघालं की ती चहा पेल्याबाहेर ओतते. मुलाची आई मात्र चौकस बाई आहे. मे महिन्यात नान मोडायचा असं ठरतंय. दोन्हीकडच्या माणसांसमोर नान मोडला की सोयरीक पक्की, मग मला झोप लागेल. तोवर त्या बाई आमच्या घराची चौकशी करत फिरणार. फिरू देत. आमच्या घरात लपवण्यासारखं काही नाही.

नवरोजचा गोड सुमलक शिजला की व्याह्यांच्या हातात मोठा वाडगा द्या. डोकं उतरेल.

झुलखुमोर


ताश्कंद, २८ एप्रिल

माझ्या विहीणबाई,

तुम्ही त्या चिकटवलेल्या पत्रात काय लिहिलंत ते खरं सांगा! मी तुमच्याकडे चार शब्द मागितले होते, तुम्ही तर घरात कोतवाल पाठवलात.

पत्र वाचून मुयस्सरनं ते घडी करून उशीखाली ठेवलं. मग उठून तिनं घरातले सगळे नळ एकेक करून ऐकले. हो, ऐकले, कान लावून. मोरीतला नळ रात्रंदिवस टिपटिप करायचा, तो आवाज मला इतका सवयीचा झाला होता की त्याशिवाय झोप यायची नाही. तिनं सासऱ्यांना विचारलं, "अब्बा, याचं वॉशर गेलंय का?" हे म्हणाले, "गेलं असेल, बाजारात बघू." ती म्हणाली, "बाजार कशाला, तुमचा रबरी जोडा फाटलाय ना?" झालं. ह्यांच्या जुन्या जोड्याच्या टाचेतून गोल चकती कापली आणि ह्यांच्याकडूनच बसवून घेतली. टिपटिप बंद. मला अजून झोप लागत नाही, पण बिलाला लागते.

आता आमच्याकडे पाणी दोनदा जन्म घेतल्याशिवाय मरत नाही. तांदूळ धुतलेलं पाणी रायहानच्या रोपांना. गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी वाहून जायचं ते बादलीत, त्या बादलीतून किटली. भांडी वाहत्या नळाखाली घासायची बंदी, दोन परातींत घासायची. पाहुणे पुलावाला बसले की ती झारीतून त्यांच्या हातावर अशी बारीक धार धरते की माणूस संकोचून आपोआप लवकर हात आवरतो, आणि खालच्या तस्तात साठलेलं पाणी द्राक्षाच्या वेलाला. संडासाच्या टाकीत तिनं पाण्याची बाटली भरून ठेवलीय, टाकीला कमी पाणी लागावं म्हणून. माझा एल्योर दाढी करताना नळ सोडून गाणं म्हणायचा. आता वाटीत पाणी घेऊन बसतो, गाणंही बंद. काल ह्यांनी कलिंगडासाठी टब काढला, तर हिनं कलिंगडाला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यावर टांगलं. संध्याकाळी कापलं तर दात शिवशिवले. ह्यांनी टब उचलून परत जागेवर ठेवला.

पहाटेचा सडाही बंद केला तिनं. तिचं म्हणणं असं की सकाळी टाकलेलं पाणी ऊन चढलं की उडून जातं. म्हणून दिवेलागणीला कपड्यांचं शेवटचं पाणी टाकते, सगळी रात्र गारवा राहतो. पहाटे नुसती झाडते. मला आधी चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण मग बिल आलं. विहीणबाई, बिल निम्म्यावर आलंय! आमचे हे ते घेऊन चहाच्या दुकानात गेले होते. तिथे सगळ्यांना वाचून दाखवलं.

सोबिर आता सुनेला आमच्याकडे शिकायला पाठवतो.

तुमची अगदी खूष झालेली,
खोसियत


मार्गिलान, १२ मे

खोसियत विहीणबाई,

पत्र मिळालं. बिल कमी झालं, चांगलं झालं.

नाझोकतचा नान मोडायचं पुढे गेलंय. मुलाकडे काही काम निघालं म्हणतात. असेल.

तुम्हाला एक विचारायचं होतं. तुम्ही पाण्याबद्दल एवढं लिहिलंत, पण मुयस्सरबद्दल ओळभरही नाही. म्हणजे ती काय करते ते लिहिलंत, ती कशी आहे ते नाही. तिचं स्वतःचं पत्रही आलेलं नाही. परवा ताश्कंदहून एक ओळखीची बाई आली होती. तुमच्या गल्लीतून गेली होती म्हणे. काहीबाही बोलली. मी लक्ष दिलं नाही.

घरात काही असेल तर माझ्यापासून लपवू नका. मी मुलींची आई आहे, ऐकून घेण्याइतकी घट्ट आहे. बाई बाईला सांगते तसं सांगा.

झुलखुमोर


ताश्कंद, १९ मे

माझ्या चतुर विहीणबाई,

ओळखलंत ना शेवटी! आईच्या काळजाला घाटसुद्धा आडवा येत नाही, हे मी कालच ह्यांना म्हणाले. म्हणजे ह्यांना म्हणाले नाही, मनात म्हणाले, कारण ह्यांना अजून काही माहीत नाही. एल्योरला माहीत आहे, पण तो बाहेर तोंड उघडत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून खोटं बोलत नाही. आहे काहीतरी. पण ते कागदावर लिहायचं नसतं, तुम्हालाही कळतं. अजून काही दिवस जाऊ देत. तोवर तुम्ही पण कुणाजवळ बोलू नका, अगदी व्याह्यांजवळसुद्धा नाही.

मुयस्सर जेवत नाही नीट. उगाच रडू येतं तिला, मग स्वतःच डोळे पुसते. दुपारभर झोपते. तुम्हाला पत्र लिहायला बसली होती, दोन ओळी लिहून कागद फाडला. बादलीला तर मी तिला हातच लावू देत नाही आता. सकाळी झाडू घेऊन निघाली, तो हातातून काढून घेतला. दाराशीही जाऊ देत नाही. गल्लीतल्या बायका दारात बसलेल्या असतात, त्यांच्या नजरा मला नकोत. घरात बस म्हटलं, एवढंच.

तुम्ही काळजी करू नका. वेळ आली की मी स्वतः नान आणि मिठाई घेऊन तुमच्या दारात येईन, मग बोलू.

तुमची,
खोसियत


मार्गिलान, २४ मे

खोसियत,

विहीणबाई म्हणायची मला आज इच्छा नाही.

तुम्ही लपवलंत तरी मला आधीच सगळं कळलं होतं. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, ते ऐकलं. आता माझ्याकडचं ऐका. नाझोकतला पाहून गेलेल्या मुलाची आत्या तुमच्या शहरात राहते. तिला भावजयीनं सांगितलं की थोरलीच्या सासरी बघून ये. चौकशी कशी करतात ते तुम्हालाही ठाऊक आहे, पाहुणी म्हणून जाऊन कुणी चौकशी करत नाही. ती पहाटेची तुमच्या गल्लीतून गेली. दार कोरडं ठणठणीत. पुन्हा एका पहाटे गेली. त्याही पहाटे कोरडं, वर धुळीत मांजराची पावलं. तिनं येऊन सांगितलं, थोरलीला परत पाठवलंय, नाहीतर पाठवायच्या बेतात आहेत. आणि थोरली जर सहा-आठ महिने टिकली नाही तर धाकटी तरी कशावरून टिकेल? म्हणून नान मोडायचं थांबलं. काम निघालं वगैरे सगळं खोटं.

मी त्यांच्या तोंडावर म्हणाले, माझी मुलगी सुखात आहे, तिच्या सासूचं पत्र दाखवते. आणि मग तुमचं हे पत्र आलं. रडते. जेवत नाही. झाडू हातातून काढून घेतला. दाराशी जाऊ देत नाही. हे दाखवू मी त्यांना?

एका बादली पाण्यासाठी तुम्ही माझ्या पोरीचं काय करून ठेवलंत? सडा बंद केला तेव्हाच मला उमजायला हवं होतं. मीच तिला ते पत्र लिहिलं, तुमच्या सांगण्यावरून, याचं मला जन्मभर वाईट वाटेल. नाझोकत आता चहा सांडत नाही. पेला भरते आणि पुढे ठेवते, मान वर करत नाही. मला माझ्या दोन्ही मुलींची भीती वाटतेय.

सोबत अद्रसचं कापड पाठवतेय, मुयस्सरच्या लग्नातलं उरलेलं. चांगलं रेशीम आहे, बाजारात विका आणि माझ्या लेकीच्या सड्याचं बिल भरा. उरलं तर व्याह्यांच्या डोक्याला नवा रुमाल घ्या.

मी येतेय. तिला माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय आता पाणी गिळायची नाही.

झुलखुमोर


ताश्कंद, २७ मे

झुलखुमोर,

टॅक्सीवाला आमच्या अंगणात चहा पीत बसलाय, त्याला सोडलेलं नाही. त्याच्याच हाती हे उत्तर देतेय. अक्षर वेडंवाकडं आहे, हसतेय की रडतेय माझं मलाच कळत नाही.

अगं बाई, तू आजी होणार आहेस!

थू थू थू, नजर न लागो. लिहायचं नव्हतं, आता लिहिलं. तिसरा महिना संपत आलाय. म्हणून जेवण जात नाही, म्हणून रडू, म्हणून दुपारची झोप. म्हणून बादली नाही आणि झाडू नाही. आणि दाराशी जाऊ देत नाही ते त्या बायकांच्या नजरेसाठी, त्यांना पोट दिसायच्या आधी कळतं. मला वाटलं तू ओळखलंस! 'बाई बाईला सांगते तसं सांगा' असं कुणी लिहिलं तर दुसरं काय समजायचं मी? ती स्वतः लिहायला बसली होती, पण तुला लिहायचं आणि हे लिहायचं नाही, ते तिला जमेना, म्हणून कागद फाडला.

मला राग आला, लपवत नाही. खूप आला. ज्या पोरीसाठी मी हिरवी जर्दाळू शोधत दोन बाजार पालथे घातले तिला मी छळते? रेशमाची घडी टॅक्सीवाल्याच्या अंगावर फेकणार होते. मग नाझोकतबद्दल वाचलं आणि हात खाली आला. दार कोरडं ठेवलं आम्ही आणि त्याची शिक्षा तुमच्या पोरीला झाली. माझ्या हातून हे झालं याचं मला फार वाईट वाटतंय, झुलखुमोर.

आता करायचं काय ते सुचत नाही. दिवेलागणीचा सडा तिचा होता, तोही बादली काढून घेतल्यापासून बंद. उद्यापासून मीच टाकायला लागले असते, पण माझ्या वयाची सासू पहाटे दारात बादली घेऊन दिसली तर गल्ली काय म्हणेल? सून गेली, म्हातारीवर वेळ आली. कोरडं ठेवलं तरी सून गेली, मी भिजवलं तरी सून गेली! आणि खरं कारण तर सांगता येत नाही.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं. हे ऐकत होते. नातवाची बातमी ह्यांना अशी कळली, तुझ्या शिव्यांना उत्तर देताना माझ्याच तोंडून निसटली. चहा तसाच टाकून मीटर बघायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

तू ये. भांडायचं तर भांड, पण ये.

खोसियत


मार्गिलान, ११ जून

प्रिय खोसियत,

तुझं शेवटचं पत्र मला इथे परत आल्यावर मिळालं. टॅक्सीवाला तुझं उत्तर घेऊन घाट उतरत होता तेव्हा मी दुसऱ्या गाडीत बसून घाट चढत होते. म्हणजे तुझ्या दारात उभी राहिले तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. हे मी तुमच्याकडे आठवडाभर राहिले तरी तुला सांगितलं नाही. आणखीही एक गोष्ट सांगितली नाही. समोर बसून सांगायला लाज वाटली, म्हणून इथून लिहितेय.

मी एकटी आले नव्हते. गाडीतून उतरले ती आधी त्या आत्याबाईंच्या घरी गेले. त्यांना झोपेतून उठवलं आणि म्हटलं, "चला. जे दार तुम्ही पाहिलंत ते मला दाखवा. माझी लेक आत नसेल तर मी तुमच्यासमोर मान खाली घालीन, आणि असेल तर तुम्ही घाला." बिचारी डोक्यावर रुमाल सरळ करत निघाली. उजाडत होतं. तुमच्या गल्लीत शिरलो आणि त्या तुतीच्या झाडाशी थबकलो.

तुमच्या दारात व्याही उभे होते. तुरोब-अका, पट्टेवाल्या पायजम्यात, डोक्यावर टोपी, हातात झाडू. झाडून झालं होतं. आता बादलीतून मगभर पाणी घेत होते आणि बोटांनी शिंपडत होते. इतकं जपून शिंपडत होते की मला वाटलं कोंबडीला दाणे टाकतायत. समोरून सोबिर आला. तो आधी थांबला, मग त्याला हसू फुटलं.

"काय तुरोब-अका, सून पळाली वाटतं?"

व्याह्यांनी मान वर केली नाही. "सून घरात आहे. झोपलीय."

"मग हे काय? पुरुषमाणसानं सडा घालायचा? आमच्या घरात हे कळलं तर उद्या माझ्या हातात झाडू येईल!"

"येऊ दे. हात काही झिजत नाहीत. मला परवा कळलं, माझ्या दारापुढची धूळ पार मार्गिलानपर्यंत उडते आणि तिथल्या एका पोरीच्या डोळ्यात जाते. आता उडायची नाही. मी आहे तोवर."

"अहो, पण मग जरा सढळ हातानं तरी टाका!"

"मीटर तुझ्या नावावर करून घे, टाकतो."

सोबिर पोट धरून हसत गेला. मी झाडाला धरून उभी होते, खोसियत. रागानं भरून आले होते, घाटभर तुला काय काय बोलायचं ते पाठ करत आले होते, त्यातलं एक अक्षर आठवेना. ज्या माणसाच्या रुमालावरून मी तुला टोचलं, तो माणूस माझ्या नाझोकतसाठी गल्लीचं हसं सोसत उभा होता. तिला त्यानं लग्नात एकदा पाहिलंय, तेही गर्दीत.

आत्याबाई मान पुढे काढून बघत होत्या. मग म्हणाल्या, "सासरा झाडू घेतो म्हणजे सून घरात आहे. नुसती घरात नाही, डोक्यावर आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या थोरलीनं वर्षाच्या आत सासऱ्याच्या हातात झाडू दिला. धाकटी आली तर माझ्या भावाचं काय होणार?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण बघते तर बाई तोंडावर रुमालाचं टोक धरून हसत होत्या. मान त्यांनी खाली घातली नाही, पण घरी जाऊन त्याच दिवशी भावजयीला टेलिफोन केला.

तू दार उघडलंस तेव्हा माझे डोळे ओले होते. मग पत्रात लिहिलेलीच बातमी तू पुन्हा माझ्या कानात सांगितलीस, मी ती पहिल्यांदाच ऐकली, आणि तुला वाटलं मी आजी होणार म्हणून रडतेय. तेही होतंच. पण त्याच्या आधीचं वेगळं होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी रोज पहाटे दार भिजवतेय. दोन्ही मुली पोटात असताना भिजवलं, ताप अंगात असताना भिजवलं. आजवर एकदाही कुणी माझ्या हातातून बादली घेतली नाही. घ्यायची असते हेच कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. त्या झाडाशी उभी असताना मला माझ्या लेकीचा हेवा वाटला. स्वतःच्या लेकीचा हेवा वाटतो का कुणाला? मला वाटला.

रविवारी नान मोडला. मुलाच्या आईनं स्वतः मोडला आणि अर्धा माझ्या हातात दिला. म्हणाली, त्यांच्या गल्लीतही मीटरं बसणार आहेत, तेव्हा नाझोकतला आधी महिनाभर बहिणीकडे शिकायला पाठवा. तेवढ्यात त्या मुलाला काहीतरी विचारायला बोलावलं, तर नाझोकतनं चहा थेट नव्या व्याह्यांच्या, मुलाच्या वडिलांच्या, मांडीवर ओतला. सगळे ओरडले. मी एकटी खूष होते.

ते अद्रसचं कापड परत पाठवू नकोस. बाळाची दुलई शिव.

हे सगळं मी आमच्या ह्यांना सांगितलं, अगदी हेव्याचं सुद्धा. सगळं ऐकून घेतलं आणि कुशीवर वळून झोपले. मी म्हटलं, झालं, कुणाला सांगायला गेले मी.

काल पहाटे पाटाशी बादली आपटल्याचा आवाज झाला. मग पाण्याचा. तुमच्या व्याह्यांचं शिंपडणं तुरोब-अकांसारखं नव्हतं. पाट फुकटचा, बादलीच्या बादल्या ओतत होते, अर्ध्या स्वतःच्या पायावर. थोड्या वेळानं शेजारणी धावत आल्याचं ऐकू आलं. एकीनं घाबरून विचारलं, "कोबिलजान-अका, तुम्ही सडा घालताय? झुलखुमोर गेली की काय?"

हे म्हणाले, "हळू बोला. झोपलीय ती. उठवू नका."

मी जागी होते, खोसियत. पण उठले नाही.

तुझी,
झुलखुमोर